सीमा उपग्रहाने ओलांडली, की उपग्रहावरून सीमा गेली?

प्रश्न असा आहे: "मी सोलापुरात एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टसाठी थेमिस मोहिमेतल्या एका उपग्रहाचा, पृथ्वीच्या दिवसाच्या बाजूचा डेटा घेतला आहे. ५० मिनिटांत मॅग्नेटोपॉज सात वेळा ओलांडलेला दिसतो. मॉडेलप्रमाणे तो १०.३ पृथ्वी-त्रिज्यांवर असायला हवा, उपग्रह मात्र ११.४ वर आहे. ओम्नीमध्ये सौरवाऱ्याचा दाब जवळपास स्थिर आहे. डेटा खराब आहे की माझं गणित चुकतंय? सगळे म्हणतात, दुसरा दिवस निवड."

आधी तीन शब्द, नवीन वाचकांसाठी. मॅग्नेटोपॉज म्हणजे चुंबकावरणाची, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने व्यापलेल्या प्रदेशाची, बाहेरची सीमा. थेमिस ही नासाची उपग्रह-मोहीम. ओम्नी हा सौरवाऱ्याच्या नोंदींचा नासाने एकत्र केलेला संच. आता उत्तर: दुसरा दिवस निवडू नका. तुम्ही दिलेल्या माहितीवरून तरी हा दिवस चांगला आहे, आणि त्यात तुमचं गणित चुकलेलं नसावं. उपग्रहांचा असा डेटा वाचण्यात माझी वीसेक वर्षं गेली. या क्षेत्रात नवीन येणारा जवळजवळ प्रत्येक जण ज्या ठिकाणी अडतो, तिथेच तुम्ही अडला आहात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमचा प्रश्न वरवर 'डेटा बरोबर की चूक' असा आहे. खरी अडचण वेगळी आहे. तुम्ही मॅग्नेटोपॉजला भिंत समजता आणि उपग्रहाला ती भिंत ओलांडणारा माणूस. मग एकच माणूस पाऊण तासात सात वेळा आत-बाहेर कसा करेल, असं वाटणारच. पण आकडे मांडून बघा. थेमिसचे आतल्या कक्षेतले उपग्रह सर्वात दूर जातात ते १२ पृथ्वी-त्रिज्यांच्या आसपास, आणि तिथे त्यांचा वेग अगदी मंदावलेला असतो. ११.४ वर तो सेकंदाला सव्वा किलोमीटरच्या जवळपास येतो. म्हणजे ५० मिनिटांत उपग्रह फार तर पावणेचार हजार किलोमीटर सरकला, एका पृथ्वी-त्रिज्येच्या सहा दशांश. मॅग्नेटोपॉज मात्र सेकंदाला दहा-वीस ते शंभर किलोमीटर वेगाने आत-बाहेर होतो. तीस किलोमीटरचा वेग धरला तरी उपग्रहाला ५० मिनिटं लागलेलं अंतर तो दोन मिनिटांत कापतो. हलते आहे ती सीमा. उपग्रह तिच्या तुलनेत उभाच आहे.

आपल्याकडे सोलापुरात जानेवारीत होम मैदानावर गड्ड्याची जत्रा भरते. वारा सुटल्यावर तिथल्या एखाद्या मोठ्या तंबूच्या कनातीला अगदी लागून उभं राहून बघा. कापड फुगून खांद्याला टेकतं, मागे जातं, पुन्हा टेकतं. डोळे मिटलेले असतील तर फक्त "लागलं, सुटलं, लागलं" एवढंच कळेल. तुमचा उपग्रह असाच कनातीजवळ उभा आहे. सात वेळा लागलं, याचा अर्थ तो योगायोगाने अगदी मोक्याच्या जागी होता.

पण त्याआधी ते सात प्रसंग खरोखर ओलांडण्याचेच आहेत का, हे तपासा. १० पृथ्वी-त्रिज्यांच्या आसपास चुंबकावरणाच्या आत चुंबकीय क्षेत्र शांत असतं, साधारण ५०-६० नॅनोटेस्ला, तोंड उत्तरेकडे. प्लाझ्मा विरळ असतो, घनसेंटिमीटरला एक कणही नाही, पण जे कण असतात ते तापलेले, काही हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टचे. बाहेर मॅग्नेटोशीथमध्ये, म्हणजे सीमेला लागून असलेल्या मंदावलेल्या सौरवाऱ्याच्या थरात, क्षेत्र २०-४० नॅनोटेस्ला आणि सतत थरथरणारं, घनता वीसेक, कणांची ऊर्जा काहीशे इलेक्ट्रॉन-व्होल्ट. आयनांच्या रंगीत आलेखात हा फरक नजरेला लगेच कळतो: वरचा पातळ पट्टा विझतो आणि खाली जाड, भडक पट्टा उमटतो. क्षेत्र, घनता आणि ऊर्जा तिन्ही एकदम बदलली तरच तो प्रसंग मोजा. नुसतं क्षेत्र वर-खाली होऊन परत जागेवर आलं, तर तो 'फ्लक्स ट्रान्सफर इव्हेंट' असू शकतो. रसेल आणि एल्फिक यांनी १९७८ मध्ये दाखवलेली ही चुंबकीय दोरखंडासारखी रचना सीमेला घासून जाते, ओलांडणं होत नाही. आणखी एक साधी खूण: सात ही विषम संख्या आहे. मोजणी खरी असेल तर सुरुवातीला उपग्रह आत असेल तर शेवटी बाहेर असला पाहिजे, किंवा याच्या उलट. दोन्ही टोकांना एकच प्रदेश दिसत असेल तर एक प्रसंग हुकला आहे किंवा एक जास्त मोजला आहे.

सीमेचा वेग एका उपग्रहावरून थेट मोजता येत नाही. ही अडचण जुनी आहे. तिच्यासाठीच १९७७ मध्ये आयसी-१ आणि आयसी-२ ही एकाच कक्षेत मागेपुढे फिरणारी उपग्रहांची जोडी सोडली गेली. एकाने सीमा आधी पाहिली, दुसऱ्याने नंतर, मधलं अंतर माहीत, की वेग मिळतो. पुढे २००० मध्ये क्लस्टरचे चार उपग्रह चतुष्फलकी (चार कोपऱ्यांच्या पिरॅमिडसारख्या) रचनेत गेले आणि सीमेची दिशाही कळू लागली. २०१५ मध्ये गेलेल्या एमएमएसचे चार उपग्रह तर एकमेकांपासून सातेक किलोमीटरवर आणता आले. थेमिसचे पाचही उपग्रह फेब्रुवारी २००७ मध्ये एकाच रॉकेटने गेले, त्यातले दोन नंतर चंद्राकडे वळवले. म्हणून पहिलं काम हे करा: त्याच ५० मिनिटांत बाकीचे थेमिस उपग्रह कुठे होते ते काढा. एखादा अर्ध्या-एक त्रिज्येने आत असेल आणि त्याला सीमा एकदाही दिसली नसेल, तर सीमा किती आतपर्यंत आली याला खालून मर्यादा मिळते. दुसऱ्या उपग्रहाला 'काहीच दिसलं नाही' हीसुद्धा महत्त्वाची साक्ष आहे.

आता मॉडेलचा मुद्दा. मॅग्नेटोपॉज कुठे थांबतो, ते दोन दाबांच्या तोलावर ठरतं. बाहेरून सौरवाऱ्याचा रेटा, आतून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा दाब. द्विध्रुवाचं क्षेत्र अंतराच्या घनाने कमी होतं आणि दाब क्षेत्राच्या वर्गाने. त्यामुळे सीमेचं अंतर सौरवाऱ्याच्या दाबाच्या सहाव्या मुळाने बदलतं. ही सीमा फार चिवट असते. तिचं अंतर निम्मं करायचं तर दाब ६४ पट व्हावा लागतो. १० वरून ६.६ त्रिज्यांवर, म्हणजे दळणवळणाचे उपग्रह असतात त्या भूस्थिर कक्षेपर्यंत आणायचं तर साधारण १२ पट.

हा हिशेब कागदावर करून बघा, कारण तो प्रत्यक्षात उतरलेला आहे. ११ मे १९९९ रोजी सौरवारा जवळजवळ नाहीसा झाला होता. एरवी घनसेंटिमीटरला पाचेक कण असतात, ते ०.२ च्या आसपास आले. घनता २५ पट कमी. वेग फारसा बदलला नाही असं धरलं तर दाबही २५ पट कमी. २५ चं सहावं मूळ १.७, म्हणजे १० त्रिज्यांवरची सीमा १७ च्या आसपास गेली पाहिजे. घनफळ १.७ च्या घनाने, म्हणजे पाचपट. त्या दिवशी चुंबकावरण फुगून नेहमीच्या पाच-सहा पट झाल्याची नोंद आहे. विद्यार्थीदशेत मी हा हिशेब पहिल्यांदा केला, त्या रात्री झोप लागली नव्हती. शाळेत शिकलेल्या घातांकांनी लाखभर किलोमीटरवरची गोष्ट सांगावी, याचं आजही मला तितकंच अप्रूप आहे.

दुसरं टोक १० मे २०२४ चं. भारतीय वेळेनुसार रात्री साडेदहाच्या सुमारास सौरवादळाचा धक्का पृथ्वीवर पोहोचला, आणि नंतरच्या तासांत सीमा भूस्थिर कक्षेच्याही आत दाबली गेली. सोलापूरच्या आकाशात काही दिसलं नाही, पण लडाखमधल्या हानलेच्या वेधशाळेतून त्या रात्री क्षितिजावर लाल प्रकाश टिपला गेला. त्या वेळी दाबाच्या जोडीला आंतरग्रहीय क्षेत्रही, म्हणजे सौरवाऱ्याबरोबर येणारं चुंबकीय क्षेत्र, जोरात दक्षिणेकडे वळलेलं होतं. हा दुसरा घटक तुमच्या मॉडेलमध्ये आहेच. क्षेत्र दक्षिणेकडे वळलं की दिवसाच्या बाजूच्या चुंबकीय रेषा सौरवाऱ्याच्या रेषांशी जोडल्या जातात. डंगी यांनी १९६१ मध्ये मांडलेली ही कल्पना. या जोडणीत दिवसाच्या बाजूचा थर सोलला जाऊन रात्रीच्या बाजूला पसरलेल्या चुंबकावरणाच्या शेपटीकडे वाहून जातो, आणि दाब तसाच असला तरी सीमा आत सरकते. ओब्री, रसेल आणि किव्हेल्सन यांनी १९७० मध्ये ओजीओ-५ या उपग्रहाच्या नोंदींवरून हे दाखवलं. त्यातही सीमा त्या उपग्रहावरून पुन्हा पुन्हा गेली होती. तुमच्यासारखाच आलेख आहे तो, जरूर बघा.

पण तुमच्या बाबतीत सीमा आत आलेली नाही, बाहेर गेली आहे. १०.३ ऐवजी ११.४. हा फरक केवळ दाबाने समजावायचा तर उलटा हिशेब करा: दाब ओम्नीतल्या आकड्याच्या जवळपास निम्मा असायला हवा. मॉडेल म्हणजे अनेक प्रसंगांची सरासरी. ती अर्धी-एक त्रिज्या इकडेतिकडे होणं नवल नाही. तरीही १.१ त्रिज्येचा फरक पन्नास मिनिटं टिकतो, तेव्हा मी त्याला मॉडेलची चूक म्हणून सोडून देत नाही. माझ्या मते शक्यता दोन. नेमकी कुठली, हे तुम्ही न दिलेल्या माहितीवर अवलंबून आहे.

पहिली शक्यता: ओम्नीतला वारा पृथ्वीवर पोहोचलेलाच नाही, किंवा वेगळ्या वेळी पोहोचला. ओम्नीतला बहुतेक डेटा पृथ्वीच्या सूर्याकडच्या बाजूला असलेल्या एल-१ बिंदूजवळच्या उपग्रहांवरून येतो: १९९४ चा विंड, १९९७ चा एस. आपला आदित्य-एल१ सुद्धा ६ जानेवारी २०२४ पासून तिथेच कक्षेत आहे. त्याच्या सहा मीटर लांब दांडीवरचा मॅग्नेटोमीटर आणि अॅस्पेक्स, पापा ही कण मोजणारी उपकरणं हीच मोजमापं करतात. एल-१ पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर. सेकंदाला ४०० किलोमीटरच्या वाऱ्याला तिथून यायला तासभर लागतो, ८०० च्या वाऱ्याला अर्धा तास. ओम्नी हा उशीर हिशेबात धरून डेटा पुढे सरकवून देतं. पण सरकवताना येणाऱ्या पट्ट्याची तिरकी बाजू कशी आहे याचा अंदाजच बांधावा लागतो. आठ-दहा मिनिटांची चूक नेहमीची आहे, कधी त्याहून जास्त. शिवाय हे उपग्रह सूर्य-पृथ्वी रेषेवर नसून तिच्यापासून लाखो किलोमीटर बाजूला फिरत असतात. त्यांनी पाहिलेला झोत पृथ्वीला लागेलच असं नाही. उजनीच्या धरणक्षेत्रात पाऊस पडला म्हणजे सोलापुरात पडला, असं आपण कधी धरतो का?

हे तपासायची माझी पद्धत जुनी आहे, पण अजून तीच वापरतो. आंतरग्रहीय क्षेत्राचा वाय-झेड प्रतलातला (एक्स म्हणजे सूर्य-पृथ्वी रेषा, तिला काटकोनातलं हे प्रतल) कोन, ज्याला आम्ही क्लॉक अँगल म्हणतो, तो बो-शॉक, म्हणजे सौरवारा जिथे अचानक मंदावतो तो चुंबकावरणापुढचा थर, ओलांडून मॅग्नेटोशीथमध्ये आल्यावरही बराचसा टिकून राहतो. तुमचा उपग्रह ज्या मिनिटांत बाहेर होता, त्या मिनिटांचा क्लॉक अँगल काढा. ओम्नीचा क्लॉक अँगल ट्रेसिंग पेपरवर त्याच मापात छापा. दोन्ही खिडकीच्या काचेवर धरा आणि वरचा कागद हळूहळू डावी-उजवीकडे सरकवा. कोनाच्या उड्या एकमेकींवर बसल्या, की खरा उशीर किती होता ते कळतं. सोलापुरातल्या दुपारच्या उन्हात काच इतकी लख्ख उजळते की पेन्सिलच्या बारीक रेघाही दिसतात. संगणकावर हेच काम सहसंबंध काढून होतं, आणि प्रोजेक्टमध्ये तुम्ही तेच द्यायचं. पण एकदा तरी हाताने करा. कुठली उडी खरी जुळली आणि कुठली ओढूनताणून जुळवली, हे बोटांना कळतं.

दुसरा साक्षीदार जमिनीवर आहे. सौरवाऱ्याचा दाब एकदम बदलला की विषुववृत्ताच्या आसपासच्या वेधशाळांत क्षितिजसमांतर क्षेत्रात पायरी उमटते, दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. दाब दोन नॅनोपास्कलवरून एकवर आला तर ती पायरी तीन ते सहा नॅनोटेस्लाची. छोटी, पण मिनिटाच्या नोंदींत शोधता येण्यासारखी. आपल्याला यासाठी लांब जायला नको. अलिबागची वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याचं चुंबकीय काम १९०४ मध्ये अलिबागला, लोखंड टाळून बांधलेल्या इमारतीत हलवलं. १८५९ च्या सप्टेंबरातल्या महावादळात क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली गेल्याची नोंद कुलाब्याचीच. जगाने आजवर नोंदवलेल्या सर्वात मोठ्या वादळाचा आकडा आपल्या किनाऱ्यावर, हाताने लिहिला गेला. विद्यार्थ्यांना हे माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

दुसरी शक्यता मला जास्त वाटते. ओम्नीत एक्स दिशेचा घटक एकूण क्षेत्राच्या मानाने किती आहे ते बघा. एकूण ५ नॅनोटेस्ला आणि त्यातले साडेचार एक्स दिशेचे असतील, तर क्षेत्र सूर्य-पृथ्वी रेषेशी २६ अंशांवर आहे, म्हणजे जवळपास सरळ पृथ्वीकडे रोखलेलं. अशा वेळी बो-शॉकच्या पुढे 'फोरशॉक' तयार होतो. शॉकवरून परतलेले आयन चुंबकीय रेषा धरून सूर्याकडे उलटे धावतात आणि येणाऱ्या वाऱ्यात तीसेक सेकंदांच्या लाटा उठवतात. वाऱ्याचा काही भाग आधीच मंदावतो, बाजूला वळतो. सीमेवर प्रत्यक्ष पडणारा दाब एल-१ वर मोजलेल्या दाबापेक्षा कमी होतो, आणि सीमा मॉडेलच्या बाहेर जाऊन बसते. वर त्या लाटा आणि दाबाचे छोटे ठोके तिला मिनिटामिनिटाला हलवत राहतात. तुमच्या आलेखात नेमक्या याच दोन गोष्टी एकत्र आहेत: सीमा अपेक्षेपेक्षा दूर, आणि सतत हलणारी. ओम्नीत दाब स्थिर दिसतो, कारण बदल एल-१ वर झालेलाच नाही. तो पृथ्वीच्या उंबरठ्यावर झाला.

इथवरचं थोडक्यात: हलली ती सीमा, मॉडेल सरासरी सांगतं, आणि ओम्नी दारापर्यंतचा वारा सांगतं, दारातला नाही.

एक सावधगिरी माझ्या स्वतःच्या चुकीतून. सुरुवातीच्या वर्षांत मी एका वादळाच्या अभ्यासात तासाच्या सरासरीचा डेटा वापरला. बी-झेड, म्हणजे क्षेत्राचा उत्तर-दक्षिण घटक, शून्याच्या जवळ दिसला, म्हणून लिहून बसलो की दक्षिण क्षेत्राशिवाय वादळ झालं. मिनिटाचा डेटा उघडला तेव्हा कळलं की त्याच तासात क्षेत्र उणे दहा आणि अधिक दहा असं उलटलं होतं. सरासरीने दोन्ही पुसून टाकलं. आठ महिन्यांचं काम परत करावं लागलं, आणि चुकीचा निष्कर्ष मी एका परिसंवादात सांगितला होता, तोही मागे घ्यावा लागला. तुमच्या प्रसंगात दोन ओलांडण्यांमध्ये सरासरी सात-आठ मिनिटंच आहेत. तिथे पाच मिनिटांची सरासरीही चालणार नाही. उपग्रहाचा डेटा फिरकीच्या मापाचा, म्हणजे तीन सेकंदांचा घ्या.

बाकी दोन किरकोळ गोष्टी. बी-झेड जीएसई या निर्देशक पद्धतीत आहे की जीएसएममध्ये (जी पृथ्वीचा चुंबकीय अक्ष धरून ठरते), ते स्तंभाच्या शीर्षकात वाचा. रेषा जोडल्या जाण्याचा विचार करताना जीएसएमच हवी. आणि पृथ्वी स्वतः सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरने फिरते, त्यामुळे वारा चारेक अंश तिरका लागतो. नाकासमोरच्या, म्हणजे सीमेच्या थेट सूर्याकडच्या टोकाजवळच्या, भागात याने फार बिघडत नाही, बाजूला गेलात तर बिघडतं.

उपग्रहाची स्थानिक वेळ तुम्ही लिहिलेली नाही, आणि १०.३ हा आकडा नाकाच्या टोकाचा काढला की उपग्रहाच्या दिशेचा, तेही नाही. सीमा बाजूंना बाहेर वळत जाते. उपग्रह सकाळी नऊच्या बाजूला असेल आणि आकडा दुपारी बाराचा असेल, तर १.१ त्रिज्येचा फरक एवढ्यानेच संपेल, फोरशॉकची गरजच पडणार नाही. आधी हे पाहा. मग उपग्रहाची स्थानिक वेळ, त्या ५० मिनिटांतला एक्स घटक आणि एकूण क्षेत्र, आणि एल-१ वरचा उपग्रह रेषेपासून वाय दिशेला किती दूर होता, हे चार आकडे इथे टाका. पुढचा हिशेब त्यांच्यावर करू.